रिकर्व्ह धनुष्य आणि नॉकिंग पॉइंटची ती गाठ

रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. त्याची दोरी स्ट्रिंगरनेच, म्हणजे दोरी चढवायच्या खास दोरानेच, चढवा. पायात अडकवून वाकवलं की लिंब, म्हणजे धनुष्याचं वाकणारं पातं, पिळतं. नागपूरच्या मे महिन्यात धनुष्य गाडीच्या डिकीत विसरलात, तर लॅमिनेशन (पात्याचे चिकटवलेले थर) सुटलं म्हणून रडू नका.

ब्रेस हाइट, म्हणजे मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर, 62 इंची धनुष्याला साधारण साडेसात ते सव्वाआठ इंच. दोरीला पीळ दिला की वाढते, काढला की उतरते. आवाज सर्वांत कमी येईल तिथे थांबा. नवी डॅक्रॉनची (पॉलिस्टर धाग्याची) दोरी ताणते, म्हणून पन्नासेक बाण मारून पुन्हा मोजा.

आता नॉकिंग पॉइंट, म्हणजे बाणाची शेपूट दोरीवर कुठे अडकवायची ते ठरवणारी गाठ. ‘बिनपिसाचा बाण मारा, शेपूट वर राहिली तर गाठ खाली घ्या,’ असं जो तो सांगतो. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यापायी माझे पंधरा दिवस गेले. ऊन चढायच्या आत, पहाटे साडेपाचला मैदानावर जायचं, गाठ केसभर खाली सरकवायची आणि बाण मारायचा. शेपूट वरच! शेवटी शेल्फवर, म्हणजे मुठीच्या वर बाण टेकतो त्या कट्ट्यावर, टाल्कम पावडर भुरभुरवली. एका बाणातच बोटभर पट्टा साफ पुसला गेला. गाठ आधीच इतकी खाली होती की बाण शेल्फवर आपटून उसळत होता.

म्हणून सुरुवात वरूनच करा. शेल्फपासून काटकोनात सरळ रेघ दोरीला जिथे मिळते, तिथून सुमारे 16 मिलिमीटर वर, तीन बोटं बाणाखाली धरत असाल तर आणखी थोडी. बो-स्क्वेअर (दोरीला लावायची काटकोनी मोजपट्टी) नसेल तर सुताराचा गुण्या चालतो. गाठ डेंटल फ्लॉसची बांधा, पितळी कडी नको. फ्लॉसची गाठ सर्व्हिंगवर (दोरीच्या मध्यावर गुंडाळलेल्या दोऱ्यावर) स्क्रूसारखी फिरवून सरकवता येते. दहा मीटरवरून पिसांचे तीन बाण मारा, मग बिनपिसाचे दोन. बिनपिसाचे पिसांच्या बाणांपेक्षा खाली लागले तर गाठ एक मिलिमीटर उतरवा, वर लागले तर चढवा. उतरवता उतरवता फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागला, तर हट्ट सोडा आणि वर या. जमलं की नॉकच्या (बाणाच्या शेपटीच्या खाचेच्या) खाली दुसरी गाठ मारा. दोन्हींत किंचित जागा ठेवा, नाहीतर दोरी ओढताना नॉक चिमटतो.

डावं-उजवं त्यानंतरच. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बिनपिसाचा बाण डावीकडे गेला तर तो ताठ आहे, जड टोक लावा. उजवीकडे गेला तर हलकं. बाण कापायची घाई नको, कापलेला पाव इंच परत येत नाही.

दोरी बदलली की गाठ पुन्हा पहिल्यापासून.