चार बाय सहाचं बाथरूम स्वतः नव्याने करताय? या चुका टाळा

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये ४ फूट बाय ६ फुटांचं बाथरूम सर्रास दिसतं. जागा लहान आहे म्हणून काम सोपं असेल, असं वाटतं. खरं तर इतक्या जागेत नळ, गरम पाण्याची लाइन, सांडपाणी, कमोड आणि वीज सगळंच एकमेकांना खेटून असतं. एकाची चूक झाली की दुसऱ्याचं काम उकरावं लागतं. तोडफोड, वॉटरप्रूफिंगचे कोट, टाइल्स आणि ग्राउट (सांधे भरायचा मसाला) ही कामं नेटाने करणाऱ्या माणसाला घरच्या घरी जमतात. पण स्लॅबमधून खाली जाणारी सांडपाण्याची पाइप आणि गिझरची वायरिंग जाणत्या प्लंबरला आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनलाच द्या. तिथे वाचवलेले पैसे पुढे दामदुप्पट जातात.

छिन्नी उचलण्याआधी सोसायटीकडे लेखी अर्ज करा आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना भेटून त्यांच्या छताचे फोटो काढून ठेवा. आधीपासून असलेली ओल आणि तुमच्या कामामुळे आलेली ओल यावरून होणारी निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मोजमाप कच्च्या भिंतीवरून घेणं

जुन्या टाइल्स काढल्यावर बाथरूम मोठं दिसतं आणि माणूस त्याच मापावर कमोड, बेसिन ठरवतो. नवा गिलावा १२ ते १५ मिमी, त्यावर चिकटवणीसह टाइल आणखी १२ मिमी. म्हणजे प्रत्येक भिंत साधारण इंचभर पुढे येते आणि दोन्ही बाजू मिळून रुंदीतले दोन इंच जातात. कमोडच्या मध्यरेषेपासून बाजूच्या तयार भिंतीपर्यंत निदान ३८० मिमी आणि समोर किमान ४५० मिमी मोकळं लागतं. यापेक्षा कमी उरलं तर बसताना गुडघे भिंतीला लागणार.

एस ट्रॅपच्या (सांडपाणी जमिनीतून खाली सोडणाऱ्या) बऱ्याच कमोडना पाइपचं केंद्र तयार भिंतीपासून २२५ मिमीवर हवं असतं. प्लंबर हेच माप विटेच्या भिंतीपासून धरतो आणि टाइल लागल्यावर कमोड मागे टेकतच नाही, किंवा बसतच नाही. म्हणून कमोड आधी विकत घ्या, त्याच्या सोबतचा मापाचा कागद बघा, मगच पाइप पक्की करा. डायव्हर्टरचंही (पाणी शॉवर किंवा नळाकडे वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह) तसंच. त्याच्या बॉडीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीची खूण असते. तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. बॉडी जास्त आत गेली तर एक्स्टेन्शन शोधत फिरावं लागतं, बाहेर राहिली तर झाकण भिंतीला बसत नाही. वॉल मिक्सर (गरम-थंड पाणी मिसळणारा भिंतीवरचा नळ) लावणार असाल तर गरम आणि थंड पॉइंटच्या केंद्रांमधलं अंतर १५० मिमी आणि दोन्ही एका पाणसळीत हवेत. गरम नेहमी डावीकडे.

तोडताना स्लॅबवर मशीन चालवणं

भिंतीवरच्या टाइल्स ब्रेकरने काढल्या तर चालतं. जमिनीला मात्र छिन्नी-हातोडाच वापरा. जुन्या इमारतीतला स्लॅब पातळ असतो, सळया गंजलेल्या असतात, आणि ब्रेकरच्या हादऱ्याने खालच्या घरातलं प्लास्टर सुटतं. बीम, कॉलम आणि स्लॅबला झिरी मारायची नाही, पाइप लपवण्यासाठी अर्धा इंचसुद्धा नाही.

राडारोड्याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. ९ इंच खोल सन्कन स्लॅबमधला (पाइपसाठी मुद्दाम खाली घेतलेल्या स्लॅबमधला) भराव आणि भिंतींचा गिलावा धरला तर या एवढ्याशा बाथरूममधून सुमारे ३३ घनफूट माल निघतो आणि तो सुटा झाल्यावर ४५ घनफुटांच्या पुढे फुगतो. गोण्या अर्ध्याच भरा, नाहीतर जिन्यातून उतरवता येत नाहीत. म्हणजे सत्तरेक गोण्या लागतील. त्या ठेवायची जागा आणि उचलणारी गाडी आधी ठरवा. हाच राडारोडा परत सन्कनमध्ये टाकायचा मोह अनेकांना होतो. त्यात जिप्सम, लाकडाचे तुकडे, जुना चुना असतो. हे सगळं पाणी धरून ठेवतं आणि वर्षानुवर्षं कुबट वास येत राहतो. भरावाला स्वच्छ विटांचे तुकडे आणि सिमेंट-वाळू, किंवा वजन कमी ठेवायचं असेल तर हलक्या ब्लॉकचे तुकडे वापरा.

वॉटरप्रूफिंगला रंगकाम समजणं

गळती फरशीच्या मधोमध क्वचितच होते. पाणी जातं ते तीन ठिकाणांहून: नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतलं पाणी वाहून जायचं जाळीचं तोंड) भोवतालून, भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून आणि उंबऱ्याखालून. सगळं लक्ष तिथे द्या.

ट्रॅपची पाइप स्लॅबमधून जाते तिथे सिमेंट-वाळूच्या मालाने भोक बुजवलं की काम झालं असं समजतात. पण पीव्हीसी गुळगुळीत असतं, त्याला सिमेंट चिकटत नाही. महिन्याभरात तिथे केसाएवढी फट पडते. उपाय साधा आहे. पाइपचा जो भाग मालात जाणार तो पॉलिश पेपरने खरवडा, त्यावर सॉल्व्हंट सिमेंटचा पातळ हात मारा आणि ते ओलं असतानाच वर बारीक कोरडी वाळू भुरभुरा. वाळल्यावर पाइप खरखरीत होते आणि माल तिला घट्ट धरतो. भोवतालची पोकळी साध्या मालाने न भरता न आकसणाऱ्या ग्राउटने भरा.

सगळ्या कोपऱ्यांत सिमेंट-वाळूचा २० ते २५ मिमीचा गोळा (गोलाई) काढा, म्हणजे काटकोन राहत नाही आणि कोट तिथे चिरत नाही. गोळ्यावर पहिल्या ओल्या कोटात काचधाग्याची जाळी दाबा. दोन भागांचं पॉलिमर कोटिंग वापरणार असाल तर पावडर आणि द्रव डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळा; पातळ करायला वरून पाणी घालू नका. पहिला कोट आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. भिंतीवर सगळीकडे फूटभर उंच आणि शॉवरच्या भिंतींवर ६ फुटांपर्यंत. उंबऱ्याची दगडी पट्टी बसण्याआधी कोट तिच्या खालून नेऊन बाहेरच्या बाजूने वळवा. इथे कोट थांबला तर पाणी हॉलच्या लादीखाली शिरतं आणि बाहेरच्या भिंतीला लोणा लागतो.

मग पाण्याची परीक्षा. ट्रॅपचं तोंड फुगवणाऱ्या प्लगने किंवा पिशवीत भरलेल्या मातीने बंद करा, दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि ४८ तास तसंच ठेवा. रेघेखाली दोन-तीन मिमी उतरलं तर ते बाष्पीभवन. त्याहून जास्त उतरलं किंवा खालच्या छताला ओल दिसली तर दुरुस्त करून पुन्हा ४८ तास. ही परीक्षा दोनदा घ्यायची, एकदा सन्कनच्या तळाच्या कोटिंगनंतर आणि एकदा भराव व कोबा (भरावावरचा सिमेंटचा थर) झाल्यावर वरच्या कोटिंगनंतर. घाई झाली म्हणून ही पायरी गाळू नका. बाकी कुठेही तडजोड केलीत तरी चालेल, इथे नाही.

परीक्षा पास झाल्यावर कोणीतरी येऊन जमिनीत क्लॅम्पसाठी भोक पाडतं, आणि सगळं मुसळ केरात. पाइपची सगळी कामं आणि त्यांची प्रेशर टेस्ट कोटिंगच्या आधी संपली पाहिजे. सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिक पाइपचे) जोड २४ तास सुकू द्या, मग हातपंपाने ६-७ किलो प्रेशर देऊन काटा काही तास हलत नाही ना ते बघा. त्यानंतरच झिऱ्या बुजवा. गिझरला सीपीव्हीसी थेट जोडू नका. मध्ये स्टीलची लवचीक पाइप घ्या. आणि प्लॅस्टिकच्या आट्यांवर पान्याचा जोर लावू नका. आज न दिसणारी चीर भिंत बंद झाल्यावर उघडते.

ढाळ टाइल लावताना बघू, असं म्हणणं

ढाळ कोब्यातच घ्यायचा असतो. साधारण ८० ला १ हे प्रमाण चांगलं. ट्रॅप एका कोपऱ्यात असेल तर समोरचा कोपरा त्याच्यापासून सव्वासात फुटांवर येतो, म्हणजे तो ट्रॅपच्या जाळीपेक्षा २५ ते २८ मिमी उंच हवा. दारापाशी बाथरूमची जमीन बाहेरच्या लादीपेक्षा निदान १२ मिमी खाली हवी. दोन्ही मिळून जाळी बाहेरच्या लादीच्या सुमारे ४० मिमी खाली येते. हा हिशेब ट्रॅप बसवतानाच करा. ट्रॅप वर बसला तर नंतर कितीही कसब दाखवलं तरी पाणी दाराकडेच धावणार.

जमिनीला ३०० बाय ३०० मिमीची मॅट, न घसरणारी टाइल घ्या. ६०० मिमीची टाइल चार बाजूंनी वळत नाही आणि तिच्या मधोमध पाणी साचतं.

टाइल्स

४ बाय ६ च्या बाथरूमला ७ फूट उंचीपर्यंत दार वजा जाता १२४ चौरस फूट भिंत येते. १० टक्के वाया धरून ३०० बाय ६०० च्या सुमारे ७० टाइल्स आणि जमिनीला ३०० बाय ३०० च्या २८. सगळ्या पेट्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते दुकानातच तपासा. पुढच्या दुरुस्तीसाठी चार-पाच टाइल्स माळ्यावर ठेवा.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषतच नाही, त्यामुळे निव्वळ सिमेंटचा घोळ तिला धरत नाही. टाइल ॲडहेसिव्ह वापरा. २० किलोची गोणी ३ मिमी थरात ४० ते ५० चौरस फूट पुरते, म्हणजे चार गोण्या. पाच ठिपके देऊन टाइल दाबायची पद्धत बंद करा. मध्ये पोकळी राहते, तिथे पाणी साठतं आणि भोक पाडताना टाइल फुटते. दातेरी थापीने सगळीकडे पसरवा. पहिल्या काही टाइल्स लावल्या की एक लगेच उचलून पाठ बघा. ॲडहेसिव्ह कोपऱ्यांपर्यंत लागलेलं दिसलं पाहिजे. कोरडा कोपरा दिसला तर थापीचे दाते मोठे घ्या. टाइल्समध्ये २ मिमीचे स्पेसर हवेतच. बिनसांध्याच्या टाइल्स कधी ना कधी उचकटतात.

भिंतीची सुरुवात दुसऱ्या ओळीपासून, पाणसळीत ठोकलेल्या पट्टीवर करा. मग जमीन लावा आणि शेवटी भिंतीची खालची ओळ कापून बसवा. त्यामुळे भिंतीवरून ओघळणारं पाणी फरशीवर पडतं, सांध्यात शिरत नाही. कापलेली ओळ जमिनीच्या ढाळाप्रमाणे तिरकी येते, ते चालतं.

एपॉक्सी ग्राउट थोडं थोडं कालवा आणि प्रत्येक भाग २०-३० मिनिटांत पुसून घ्या, नाहीतर टाइलवर धुरकट थर बसतो. एपॉक्सी भरलं की गळती थांबेल हा मोठा गैरसमज आहे. ते सांधा स्वच्छ ठेवतं, वॉटरप्रूफिंगची जागा घेत नाही. आणि काम संपल्यावर कोणाला ॲसिडने धुऊ देऊ नका. सिमेंटचं ग्राउट आणि नळांचं क्रोम दोन्ही खातं ते.

वीज आणि गिझर

२ किलोवॉटचा गिझर साधारण ९ अँपिअर घेतो. त्याला वेगळी २.५ चौरस मिमीची वायर, १६ अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की शॉक टाळायला पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरी अर्थिंग हवी. स्विच बाथरूमच्या बाहेर. १५ लिटरचा गिझर पाण्यासकट २५ किलोच्या आसपास जातो. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे प्लग टिकत नाहीत, त्यासाठीचेच अँकर घ्या.

गॅस गिझर बाथरूमच्या आत कधीही लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि एवढ्या लहान बंद खोलीत तो काही मिनिटांत जीव घेतो. दरवर्षी अशी माणसं जातात. खिडकी उघडी ठेवू हा उपाय नव्हे. गिझर मोकळ्या हवेतच हवा.

एक्झॉस्ट फॅनला आत हवा यायला वाट हवी, नाहीतर तो नुसता फिरतो. दाराखाली अर्धा इंच फट ठेवा. दार पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचं (लाकूड-प्लॅस्टिकच्या मिश्रणाचं) घ्या, प्लाय फुगतं. जमल्यास बाहेर उघडणारं करा. जागा वाचते आणि आत कोणी पडलं तर दार अडत नाही.

काम झाल्यावर काही बिघडलं तर

खालच्या छताला ओल आली तर आधी वेळ बघा. दिवसरात्र सारखं ठिबकत असेल तर प्रेशरच्या लाइनमध्ये दोष आहे. रात्री बाथरूमचा मेन कॉक बंद ठेवा. सकाळपर्यंत ठिबकणं मंदावलं तर खात्री झाली. फक्त अंघोळीनंतर येत असेल तर ट्रॅप किंवा जमीन, आणि फ्लशनंतर येत असेल तर कमोडचा जोड. शंका राहिली तर ट्रॅप बंद करून रंगीत पाणी भरा.

वास येत असेल तर ट्रॅपमध्ये ५० मिमी पाणी उभं राहतंय का ते पाहा. बंद घरात ते सुकतं, एक बादली ओतली की वास जातो. तरीही येत असेल तर बेसिनची पाइप बाटली ट्रॅपशिवाय (बेसिनखालचा, पाणी धरून वास अडवणारा भाग) थेट जोडलेली असण्याची शक्यता मोठी.

नव्या शॉवरला धार कमी येत असेल तर जाळी काढून बघा. लाइन न धुता फिटिंग लावल्यामुळे टेफ्लॉनचे तुकडे आणि वाळू तिथे अडकतात. कार्ट्रिजही (नळाच्या आतला पाणी उघड-बंद करणारा भाग) काढून धुवा. गरम पाणी कोमट येत असेल आणि गिझर ठीक असेल, तर एखाद्या मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरत असावं. गिझरला जाणारा थंड कॉक बंद करून गरम नळ उघडा. पाणी तरीही चालू राहिलं तर तोच दोष. ज्या मिक्सरमधून पाणी शिरतंय त्याचं कार्ट्रिज बदला किंवा त्याच्या जोडांवर एकमार्गी व्हॉल्व्ह बसवा.

कमोडच्या तळाशी सिलिकॉन लावताना मागची दोन इंच जागा मोकळी सोडा. जोड गळायला लागला तर पाणी तिथून बाहेर दिसेल. सगळीकडून बंद केलंत तर ते आतल्या आत भरावात मुरत राहील.