आजींच्या आठवणीतलं हवामान कसं टिपायचं

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरांमधून मी अशा आठवणी गोळा करते. 'हवामानबदलाबद्दल सांगा' असं कधीच विचारू नका. माणसं बातम्यांतलंच ऐकवतात. विचारा, 'आजी, तुम्ही कुरडया कोणत्या महिन्यात घालायचात? आता कधी घालता?' मग सगळा उन्हाळा उलगडतो.

पुराबद्दल बोलायचं तर भिंतीपाशी जा. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर चढलं ते त्यांना हाताने दाखवू द्या, टेपने जमिनीपासून मोजा. पुरात नदीतली मगर दिसली असेल तर कुठल्या गल्लीत, किती वाजता, तेही लिहा.

पंखा बंद ठेवा, रेकॉर्डिंगमध्ये नुसती घरघर येते. वर्ष आठवत नसेल तर 'कोणाच्या लग्नाआधी?' असं विचारा. मग हवामान खात्याच्या नोंदींशी ताडा. ३१ जुलै २०१९ला बडोद्यात दिवसभरात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला. अशी एक तारीख पक्की झाली की बाकीच्या आठवणी मागेपुढे लावता येतात.

एका पुराचं खापर एकट्या हवामानावर फोडू नका. नदीकाठच्या कोतरांमधले, म्हणजे घळींमधले, भराव आणि बांधकामंही त्या गोष्टीत यायलाच हवीत.

शेवटी रेकॉर्डिंग आजींना ऐकवा. नाव द्यायचं का ते विचारा. 'नको' म्हणाल्या तर नकोच.