ग्रंथालयात कोहा दाखवायला जाण्यापूर्वी

तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात कोहा, म्हणजे पुस्तकांची यादी आणि देवघेव सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर, मांडायचं ठरलं, की कार्यकारी मंडळाच्या बैठकीआधी ग्रंथपालांना भेटून या. दाखल नोंदवही बघू द्या म्हणावं, आणि तिच्यातली चाळीस-पन्नास पुस्तकं उतरवून आणून आपल्या लॅपटॉपवरच्या कोहात भरून ठेवा. नमुन्याची इंग्रजी पुस्तकं दाखवून मराठी ग्रंथालय कधीच पटत नाही. पटू नयेच.

भरून झालं की शोधून बघा. वाचक 'कुसुमाग्रज' विचारेल, तसंच 'शिरवाडकर'ही विचारेल. दोन्ही नावांनी सगळी पुस्तकं निघाली पाहिजेत. त्यासाठी लेखकाची ऑथॉरिटी नोंद, म्हणजे त्याचं ठरवलेलं प्रमाण नाव असलेली वेगळी नोंद, करून पर्यायी नाव तिच्यात घालावं लागतं. पर्यायी नावं शोधात धरण्याचं सेटिंग मुळात बंद असतं. ते चालू करून इंडेक्स (शोधासाठीची सूची) नव्याने तयार करा आणि हे सगळं घरीच उरका.

खरी कसोटी जुन्या यादीची. ती एक्सेलमध्ये आहे म्हटल्यावर हुरळून जाऊ नका, फाइल मागून घ्या आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी म्हणूनच वाचता येणाऱ्या सांकेतिक पद्धतीत, आहे का ते पाहा. जुन्या फॉन्टांत टाइप केलेली असेल, तर फॉन्ट बदलताच देवनागरीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गुंता दिसतो. रूपांतराची साधनं मिळतात. पण त्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप केलेला असतो, त्यामुळे नेमके हेच जागा चुकतात. शंभर नोंदी बदलून, वाचून, दुरुस्त करून बघा. त्याला लागलेल्या वेळावरून पूर्ण यादीचा हिशेब मांडा आणि तो आकडा कमी करून सांगू नका. इतक्या वर्षांची नोंद कुणीतरी हाताने जपलेली आहे, ती आपल्या घाईत बिघडता कामा नये.

'फुकट आहे' हे पहिलं वाक्य नको. परवान्याचे पैसे नाहीत, एवढं खरं. सर्व्हरचा संगणक, बॅटरी, बारकोडची लेबलं, स्कॅनर, रोजचा बॅकअप आणि वर्षभर फोन उचलणारा माणूस यांचा खर्च कागदावर लिहून न्या. नेट वारंवार जात असेल तर सर्व्हर ग्रंथालयातच ठेवून स्थानिक नेटवर्कवर देवघेव चालवता येते; तेही करून दाखवायची तयारी ठेवा. पुस्तकं थोडी आणि एकच अर्धवेळ कर्मचारी असेल, तर तूर्त नीट ठेवलेली एक्सेलची यादी पुरेल, असं सरळ सांगा. सरकारी दर्जावारीत सगळ्यात खालच्या 'ड' वर्गातल्या कितीतरी ग्रंथालयांना माझा हाच सल्ला राहील.

'उद्या तुम्ही नसलात तर?' हा प्रश्न येणारच. त्यावर सगळ्या नोंदी मार्क (MARC) या ग्रंथालयांच्या प्रमाण स्वरूपातल्या फाइलमध्ये बाहेर काढून दाखवा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर तिथेच देऊन या. कोहाचा जीपीएल हा मुक्त परवाना कुणालाही ते वापरू आणि बदलू देतो, त्यामुळे दुसरा कुणीही जाणकार हे काम पुढे नेऊ शकतो, हे तेव्हाच सांगा. कोहा 1999 मध्ये न्यूझीलंडच्या होरोफेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी लिहिलं गेलं, कारण त्यांची जुनी प्रणाली 2000 साल पेलणारी नव्हती. 2000 च्या जानेवारीत ते चालू झालं आणि आज जगभरच्या ग्रंथालयांत आहे. लहान ग्रंथालयाला ही हकिगत आपली वाटते, म्हणून दोन वाक्यांत जरूर सांगा.

बैठकीत माउस ग्रंथपालांच्या हाती द्या. पुस्तक देणं, परत घेणं, थकीत वर्गणी बघणं त्यांनीच करावं, आदल्या दिवशी तेवढा सराव करून घ्या. आणि कोहा वापरणाऱ्या जवळच्या एखाद्या ग्रंथपालांची परवानगी आधीच घेऊन त्यांचा नंबर मंडळाला द्या. अडचणी काय येतात ते त्यांच्याकडूनच कळू दे.