फाइलमेकर: एका फाइलमधला डेटा दुसरीत पाठवताना

फाइलमेकर या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये नावाआधी दोन डॉलर चिन्हं असलेलं ग्लोबल व्हेरिएबल (माहिती तात्पुरती ठेवायची जागा) सगळीकडे चालेल असं वाटतं, आणि तिथेच गाडी अडते. ते फक्त स्वतःच्या फाइलपुरतं असतं. दुसऱ्या फाइलला रिकामं दिसतं. एका डॉलरचं तर स्क्रिप्ट (पायऱ्यांची आज्ञावली) संपताच जातं. म्हणून माहिती पाठवायची ती स्क्रिप्ट पॅरामीटरमधून, म्हणजे स्क्रिप्ट चालवताना तिच्या हाती दिलेल्या मजकुरातून.

आधी पहिल्या फाइलमध्ये दुसरी फाइल एक्स्टर्नल डेटा सोर्स म्हणून जोडा, मग 'परफॉर्म स्क्रिप्ट'मध्ये तिची स्क्रिप्ट निवडता येते. पॅरामीटर एकच जातो. नाव, फोन, रक्कम असं बरंच पाठवायचं असेल तर 'जेसनसेटएलिमेंट' या फंक्शनने जेसनचं (नाव-माहितीच्या जोड्या एका मजकुरात लिहायची पद्धत) गाठोडं बांधा (फाइलमेकर आवृत्ती १६ पासून). फोनला प्रकार 'जेसनस्ट्रिंग'च द्या; 'जेसननंबर' दिलात तर सुरुवातीचं शून्य उडतं.

दुसऱ्या फाइलच्या स्क्रिप्टमध्ये पॅरामीटर पहिल्याच ओळीत व्हेरिएबलमध्ये घ्या आणि 'जेसनगेटएलिमेंट'ने सुटा करा. उत्तर प्रश्नचिन्हाने सुरू झालं तर समजा, जेसन बिघडलाय. मग योग्य लेआउटवर (टेबलाशी जोडलेल्या स्क्रीनवर) जा, नवीन रेकॉर्ड, 'सेट फील्ड'ने माहिती भरा, कमिट म्हणजे सेव्ह करा. लेआउट चुकला तर रेकॉर्ड भलत्याच टेबलात पडतं, तेही मुकाट्याने.

कमिटनंतर लगेच 'गेट लास्टएरर' (शेवटच्या पायरीचा चूक-क्रमांक; ० म्हणजे चूक नाही) व्हेरिएबलमध्ये धरा, कारण पुढची पायरी तो आकडा पुसू शकते. तो आकडा 'एक्झिट स्क्रिप्ट'ने परत द्या. पहिल्या फाइलमध्ये 'गेट स्क्रिप्टरिझल्ट' (परत आलेला तो आकडा) ० असेल तरच मूळ रेकॉर्डवर 'पाठवलं' अशी खूण करा.