बालवाडीच्या वयात गणिताच्या संकल्पना हाताने कशा शिकवाव्यात

चार-साडेचार वर्षांचे मूल पन्नासपर्यंतची उजळणी न अडखळता म्हणू लागले, की त्याला संख्या कळू लागल्या असे मोठ्यांना वाटते. त्याच मुलासमोर दहा-बारा झाकणे ठेवून “यांतली पाच मला दे” असे म्हटले, तर पुष्कळदा ते मूठभर झाकणे उचलून हातावर ठेवते. मुलाचे यात काही चुकलेले नसते. उजळणी कानाने पाठ होते. ‘पाच’ म्हणजे किती, ही समज मात्र वस्तू उचलून, मांडून, लपवून आणि पुन्हा जुळवून हळूहळू येते. म्हणून साडेतीन ते सहा या वयात वही-पेन्सिल शक्य तितकी उशिरा आणावी आणि त्याआधी पुढील कृती मुलाच्या गतीने करून घ्याव्यात.

साहित्य आणि वेळ

विकतचा संच नसला तरी काही अडत नाही. बाटल्यांची झाकणे, मोठी बटणे, गुळगुळीत खडे, लाकडी ठोकळे, लहानमोठ्या काड्या, रबरबँड, दोऱ्या, झाकणांसह डबे, एक वाडगा आणि साधा तराजू एवढे पुरते. मोजायच्या वस्तूंचे प्रत्येकी किमान वीस नग असावेत. आसपास तीन वर्षांखालील मूल असेल, तर तोंडात मावेल अशी कोणतीही वस्तू त्याच्या हाती लागणार नाही याची काळजी घ्यावी आणि काम संपताच साहित्य मोजून परत ठेवावे. हे मोजणेही मोठ्या मुलाकडून करून घेता येते. नवे साहित्य आणले की पहिला दिवस मुलाला त्याच्याशी मनसोक्त खेळू द्यावे, कारण मनोरा रचण्याची हौस फिटल्याशिवाय ठोकळे मोजण्यात त्याचे मन लागत नाही. त्यानंतर रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत.

वस्तू हाती देऊन शिकवण्याची ही रीत जुनी आहे. फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तिला पुढे त्यांनीच किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. लोकरीचे चेंडू आणि लाकडाचे गोल, घन व दंडगोल हे त्यांचे साहित्य होते.

पहिली पायरी : निवडणे आणि क्रमाने लावणे

बटणांचा ढीग समोर ठेवून “यांतली कोणती एकत्र ठेवशील?” एवढेच विचारावे आणि रंग, आकार किंवा छिद्रे यांपैकी कसोटी मुलालाच निवडू द्यावी. वाटण्या झाल्या की त्या मोडून “आता वेगळ्या तऱ्हेने लावता येतील का?” असे विचारावे. हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे, कारण तेच बटण एकदा लाल म्हणून आणि एकदा चार छिद्रांचे म्हणून वेगवेगळ्या गटांत जाते, हे मुलाला त्यातून दिसते. त्यानंतर कमी-अधिक लांबीच्या पाच काड्या उंचीप्रमाणे लावण्यास द्याव्यात. मुले वरची टोके पायऱ्यांसारखी लावतात आणि खालची टोके जुळवायची विसरतात. सतरंजीची कड किंवा पट्टी खाली ठेवून “सगळ्यांचे पाय इथे टेकव” असे सांगितले की तुलना खरी होते.

दुसरी पायरी : जोड्या लावणे

मोजण्याच्या आधी एकास एक जोडी लावता आली पाहिजे. सहा डबे आणि पाच झाकणे ठेवावीत आणि न मोजता “झाकणे पुरतील का?” असे विचारावे. मुलाने अंदाज सांगितला की प्रत्येक डब्यावर झाकण ठेवू द्यावे. ‘जास्त’ हा शब्द मुलांना लवकर कळतो, ‘कमी’ उशिरा. मोठी माणसेही बोलताना नकळत जास्त कुठे हेच विचारत राहतात. म्हणून “डबे जास्त आहेत की झाकणे?” याबरोबर “कमी काय आहे?” हेही प्रत्येक वेळी विचारावे.

तिसरी पायरी : मोजणे

या पायरीला सर्वांत जास्त दिवस द्यावेत. मूल मोजताना साधारणपणे तीन ठिकाणी घसरते: एखादी वस्तू सुटते, एखादी दोनदा मोजली जाते, किंवा तोंडातले शब्द बोटाच्या पुढे धावतात. तिन्हींवर एकच साधा उपाय आहे. जमिनीवर दोरी आडवी ठेवावी, सगळे खडे तिच्या एका बाजूला मांडावेत आणि एकेक खडा उचलून पलीकडे ठेवतानाच एकेक शब्द उच्चारायला लावावा. मोजलेले आणि न मोजलेले खडे वेगळे राहतात आणि जीभ हाताच्या गतीने चालू लागते.

शेवटचा खडा पलीकडे गेला की लगेच “किती खडे आहेत?” असे विचारावे. मूल “सात” म्हणाले, तर शेवटचा शब्द सगळ्या समूहाविषयी सांगतो, हे त्याला कळले आहे. उत्तर न देता ते पुन्हा एकपासून मोजू लागले, तर त्याच्या दृष्टीने ‘सात’ हे त्या शेवटच्या खड्याचे नाव आहे. हा फरक फार महत्त्वाचा असूनही सहज नजरेतून सुटतो, कारण दोन्ही मुलांनी मोजणी अचूकच केलेली असते. अशा वेळी मोजून झालेल्या खड्यांभोवती हात फिरवून “हे सगळे मिळून सात” असे आपण म्हणावे आणि दोन ते चार वस्तूंवर परत यावे. तीन-चार वस्तूंचे समूह न मोजता, नुसत्या नजरेने ओळखता येतात. त्यामुळे शब्द आणि समूह यांची गाठ तिथेच सर्वांत लवकर पडते.

रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीमागची पाच तत्त्वे मांडली. प्रत्येक वस्तूला एकच शब्द, शब्दांचा ठरलेला क्रम आणि शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या ही त्यांतली तीन आपण वर पाहिली. उरलेली दोन अशी, की मोजायच्या वस्तू एकाच जातीच्या असण्याची गरज नसते, आणि मोजणी कुठूनही सुरू केली तरी संख्या तीच येते. त्यांसाठी कधी बटण, खडा आणि टाळ्यांचे आवाज असे मिसळून मोजायला द्यावे, तर कधी “आज मधल्या खड्यापासून मोजू” असे म्हणावे.

मोजणी बसली की एक प्रयोग जरूर करावा. सहा-सहा झाकणांच्या दोन रांगा समोरासमोर मांडून त्या सारख्या आहेत हे मुलाकडून वदवून घ्यावे आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत एका रांगेतली झाकणे लांब लांब सरकवावीत. लांब रांगेत जास्त झाकणे आहेत, असे अनेक मुले सहा-सात वर्षांची होईपर्यंत खात्रीने सांगतात. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्यामुळे हा प्रयोग प्रसिद्ध झाला. उत्तर चुकले म्हणून समजावत बसू नये. “तुला कसे कळले?” असे विचारावे, मुलालाच रांगा पुन्हा जुळवू द्याव्यात आणि काही आठवड्यांनी तोच खेळ परत मांडावा.

चौथी पायरी : संख्येची फोड

पाच झाकणे मुलाने मोजून दाखवली की त्याला डोळे मिटायला सांगावे आणि काही झाकणे वाडग्याखाली लपवावीत. बाहेर तीन दिसत असतील, तर आत किती, हे मुलाने ओळखायचे आणि वाडगा उचलून स्वतःच पडताळायचे. पुढची बेरीज-वजाबाकी या एका खेळात साठवलेली आहे, असे मला वाटते. पाच म्हणजे तीन आणि दोन, चार आणि एक, तसेच पाच आणि शून्य, हे हाताला कळले की ३ + २ ही मांडणी त्याला ओळखीची वाटते. सगळी झाकणे बाहेर ठेवून रिकामा वाडगा उचलण्याची पाळीही अधूनमधून आणावी. शून्याची ओळख याहून सोपी होत नाही. बोटे वापरण्यास मनाई करू नये. एका हाताची पाच आणि दोन्हींची दहा बोटे हे मुलाचे कायम जवळ असणारे साहित्य आहे.

पाचवी पायरी : अंक

संख्या ही समूहाची आणि अंक ही तिची खूण, हा भेद मराठी शब्दांतच आहे. शिकवतानाही तो पाळावा. शिक्षणतज्ज्ञ जेरोम ब्रूनर यांनी कृती, चित्र आणि चिन्ह असा क्रम सांगितला होता. त्यानुसार मुलाने आधी खडे मांडावेत, मग तेवढे ठिपके काढावेत आणि त्यानंतरच शेजारी अंकाचे कार्ड ठेवावे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये आपले पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या पद्धतीत मुले खरखरीत कागदाच्या अंकांवरून बोट फिरवतात. ० ते ९ असे खण असलेल्या पेटीत ४५ काड्या वाटण्याचे त्यांचे साधन घरीही करता येते. मोजणी बरोबर असेल तर शेवटी एकही काडी उरत नाही आणि शून्याचा खण रिकामा राहतो, म्हणजे चूक मुलाला स्वतःलाच दिसते. ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले रूप वाटतात, तर १ आणि ९ यांत गल्लत होते; म्हणून या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत.

सहावी पायरी : दहाच्या पुढे

दहा काड्यांना रबरबँड लावून जुडगा करावा आणि त्याला ‘दशक’ म्हणावे. एक दशक आणि तीन सुटे म्हणजे तेरा, हे मुलाने प्रत्यक्ष बांधून आणि सोडून पाहावे. मराठीत हे विशेष गरजेचे आहे, कारण ‘अकरा’ किंवा ‘तेरा’ या शब्दांत दहा ऐकू येत नाही, ‘एकोणीस’ तर वीसला एक उणा असल्याचे सांगतो, आणि ‘एकवीस’ म्हणताना एक आधी येतो पण लिहिताना २ आधी येतो. एकवीस ऐकून १२ लिहिणारे मूल कानाशी प्रामाणिकच असते. त्याच्यासमोर दोन जुडगे आणि एक सुटी काडी ठेवावी.

आकार आणि मापन

हे मधूनमधून करावे. त्रिकोण नेहमी पायावर उभा दाखवला, तर आडवा किंवा निमुळता त्रिकोण मूल त्रिकोण मानत नाही. म्हणून कापलेले आकार फिरवून, उलटवून द्यावेत. सतरंजी वितीने किंवा ठोकळ्यांनी मोजताना दोन मापांमध्ये फट राहू नये आणि माप मध्येच बदलू नये, एवढ्या दोन गोष्टींवर लक्ष द्यावे. एकाच डब्यातले पाणी उंच आणि पसरट भांड्यांत ओतून पाहणेही मुलांना फार आवडते.

पटावरचा खेळ

एका रांगेत १ ते १० अंकांची घरे आखून फिरकीवर १ किंवा २ पडेल तेवढे पुढे जाण्याचा खेळ करावा. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमणी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा पट काही वेळा खेळलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलांची संख्यांची जाण सुधारली, तर अंकांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्यांची तशी सुधारली नाही. खेळताना एक पथ्य पाळावे: सोंगटी पाचवर असताना दोन पडले, तर मुलाने “एक, दोन” असे न म्हणता “सहा, सात” असे घरांचे अंक म्हणत पुढे जावे.

कोणत्याही खेळात मूल सलग दोन-तीन दिवस अडले, तर उत्तर सांगून टाकण्याऐवजी संख्या लहान करावी. पाचची फोड जमत नसेल तर तीनची खेळावी, आणि तीही जमत नसेल तर आठवडाभर डब्यांवर झाकणे ठेवण्याकडे परतावे.