स्टिंगरेच्या टाकीचं पाणी बदलताना

गोड्या पाण्यातल्या स्टिंगरेला (या चपट्या माशाला थोडक्यात रे म्हणतात) ना नळाच्या पाण्यातलं क्लोरीन सोसतं, ना अमोनिया. त्यामुळे पाणी बदलताना चूक झाली, तर तो आजारी पडू शकतो.

१. आधी हीटर बंद करा. पाणी उतरलं की तो उघडा पडून तडकतो, आणि तापलेल्या हीटरला टेकून रे भाजतो.
२. एका वेळी पाव टाकीच बदला.
३. नळाचा पाइप थेट टाकीत सोडणार असाल, तर डीक्लोरिनेटरचा (क्लोरीन घालवणाऱ्या औषधाचा) डोस ओतलेल्या पाण्यापुरता नको, अख्ख्या टाकीच्या लिटरवर धरा आणि आधी घाला.
४. नव्या पाण्याचं तापमान जुन्याशी जुळवा, फार तर एका अंशाचा फरक.

पीएचही (पाणी किती आम्ल वा अल्क आहे ते) मोजाच. जुनं पाणी आम्लधर्मी झालं असेल, तर अल्कधर्मी पाणी पडताच साठलेलं निरुपद्रवी अमोनियम विषारी अमोनियात बदलतं. अशा वेळी रोज थोडं थोडंच बदला.

टाकीत हात घालण्याआधी रे कुठे आहे ते बघा. वाळूत दडलेला दिसत नाही, आणि शेपटीचा काटा विषारी असतो.