इटलीत कपडे धुण्याची सोय विचारण्याआधी

इटलीच्या दहा-बारा दिवसांच्या प्रवासात कपडे धुण्याचा प्रश्न पाचव्या-सहाव्या दिवशी हमखास उभा राहतो. म्हणून निघण्यापूर्वीच एका कागदावर लागणारी वाक्ये देवनागरीत लिहून घ्यावीत. रोमन लिपीपेक्षा देवनागरी इथे अधिक उपयोगी पडते, कारण इटालियन भाषेतील त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत आणि जोडाक्षरे आपण न शिकवता नीट उच्चारतो.

पहिले वाक्य ‘चे ऊना लावांदेरीआ क्वी विचीनो?’, म्हणजे ‘इथे जवळपास लाँड्री आहे का?’, हे पाठच करावे. त्याआधी ‘बोंजोर्नो’ म्हणायला विसरू नये. नमस्कार न करता थेट प्रश्न टाकणे तिथे उद्धटपणाचे वाटते. मात्र प्रश्न पाठ करणे हा तयारीचा सोपा भाग आहे, खरी अडचण उत्तर समजण्याची असते. ‘सेल्फ सर्व्हिस’ किंवा ‘आ जेत्तोनी’ असे ऐकू आले, तर नाणी वा टोकन टाकून आपले आपण धुण्याचे दुकान समजावे. ‘तिंतोरीआ’ म्हटले, तर ते ड्रायक्लीनिंगचे दुकान असते आणि तिथे मोजे-बनियन घेऊन जाण्यात अर्थ नसतो. कपडे दुकानात सोडायचे असल्यास ‘क्वांदो सोनो प्रोंती?’, म्हणजे ‘कधी तयार होतील?’, असे विचारून घ्यावे आणि उत्तरातील ‘दोमानी’ म्हणजे उद्या व ‘दोपोदोमानी’ म्हणजे परवा, हा भेद पक्का ठेवावा, कारण परवा सकाळी आपली गाडी असू शकते.

यंत्रावरचे शब्दही कागदावर असावेत. ‘लावात्रीचे’ म्हणजे धुण्याचे यंत्र, ‘आश्शुगात्रीचे’ म्हणजे वाळवण्याचे, ‘देतेर्सीवो’ म्हणजे साबण, तर ‘कांदेज्जीना’ म्हणजे ब्लीच, जे रंगीत कपड्यांपासून दूर ठेवावे. सर्वांत फसवा शब्द ‘काल्दो’: इंग्रजीच्या सवयीने कान त्याला थंड समजतो, पण त्याचा अर्थ गरम, आणि थंड म्हणजे ‘फ्रेद्दो’. नळावरचे सी हे अक्षरही याच न्यायाने गरम पाण्याचे असते. रंग जाणारा सुती कुडता बरोबर नेला असेल, तर तो काउंटरवर वेगळा ठेवून ‘क्वेस्तो स्तिंजे’, म्हणजे ‘याचा रंग जातो’, एवढे सांगावे आणि स्वतः धूत असल्यास तीस अंशांवर एकटाच टाकावा.

भाड्याच्या घरात उतरणार असाल, तर यजमानांना आधीच कळवून यंत्र आहे का हे विचारावे. यंत्र असले तरी वाळवण्याचे यंत्र असेलच असे नाही. तिथे बहुतेक घरांत कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड, म्हणजे ‘स्तेंदीनो’, वापरतात, त्यामुळे जाडजूड जीन्स निघण्याच्या आदल्या रात्री धुवायला काढू नये.

सुट्या युरोंची नाणी जवळ बाळगावीत. ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ तारखेच्या ‘फेर्रागोस्तो’ या सुट्टीच्या सणाच्या सुमारास, लहान दुकानांच्या दारावर ‘क्यूसो पेर फेरिए’, म्हणजे ‘सुट्टीनिमित्त बंद’, अशी पाटी दिसते, तेव्हा पर्यायी दुकान शोधून ठेवावे. आणि सेल्फ सर्व्हिसच्या भिंतीवर ‘ऊल्तिमो लावाज्जो’ या शब्दांपुढे जी वेळ असते ती दुकान बंद होण्याची नसून शेवटची धुलाई सुरू करण्याची असते, हे त्याच कागदाच्या तळाशी लिहून ठेवावे.